वॉरंटीतली पिवळी

रविवार, १० नोव्हेंबर २०२४

आज पुन्हा चार सेकंद. जास्त नाही – चारच.

दर रविवारी गावी जाताना मिरजगावच्या अलीकडे, जिथे आब्बांची जमीन हायवेत गेली, तो तुकडा आला आणि मागे-पुढे कोणी नसलं की मी पाय दाबते. आठवडाभर तेवढ्यासाठी थांबते. आठ सिलिंडर एकदम जागे होतात, वरचा सुपरचार्जर शिट्टी धरतो आणि पाठ सीटला चिकटते. मग पाय वर. पुन्हा साठवर. शेजारी अम्मी तसबीहची माळ घेऊन, डोळे मिटून. मला वाटायचं घाबरते. आज म्हणाली, "झालं व्हय? आज लवकर संपलं."

जमिनीचे पैसे आले तेव्हा नियाजने, माझ्या धाकट्या भावाने, मिरजगावला बंगला बांधला. माझ्या वाट्याची मी ही गाडी घेतली. अमेरिकन, पिवळी, दोन दारांची, पुण्याच्या एका आयात करणाऱ्या कंपनीकडून. अख्खं गाव हसलं. ड्रायव्हिंग स्कूलची बाई, दिवसभर काटा तीसच्या वर जाऊ देत नाही, हिला ही गाडी कशाला? अहो, म्हणूनच! सोळा वर्षं लोकांच्या क्लचवर आणि माझ्या ब्रेकवर काढली. आमच्या जमिनीवरून रोज सगळं सोलापूर जातं. त्यात चार सेकंद माझे.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

सकाळी ज्ञानेश्वरीताईंच्या शिकवणीचा अकरावा दिवस. शाळेत मुख्याध्यापिका आहेत, पण स्टिअरिंग हातात आलं की पहिलीतल्या होतात. आमच्या सावेडीच्या गल्लीतला स्पीडब्रेकर – म्हणजे टेकडीच – त्यावर गाडी चढवून तिथेच बंद पाडली. मग मला म्हणतात, "अल्मास मॅडम, तुमची ती बुटकी गाडी इथे घासत कशी नाही?"

सांगितलं. तिरकी घ्यायची. आधी एक चाक, मग दुसरं. नवी असताना पहिल्या दोन महिन्यांत तीनदा घासली. त्यानंतर पावणेदोन वर्षांत एकदाही नाही. हात बसला. हे मी आता प्रत्येक बाईला शिकवते. थोडी मिरवतेही, खोटं कशाला लिहू.

सोमवार, १८ नोव्हेंबर

पुण्याच्या ट्यूनिंगवाल्याचा पुन्हा फोन. फेब्रुवारीत जुन्या धावपट्टीवर चारशे मीटरची शर्यत आहे. एकट्याने पळायचं, घड्याळाशी. माझी पिवळी बारा सेकंदांच्या आत येईल असं तो म्हणतो, पण आहे तशी नाही.

हा सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप. इंजिनच पट्ट्याने त्याला फिरवतं. पट्टा ज्या पुलीवर चालतो ती पुली लहान केली की पंप जास्त फिरतो, हवा जास्त, ताकद जास्त. एवढीशी पुली, चहाच्या बशीएवढी. अर्ध्या दिवसाचं काम. "आणि मॅडम, गाडी जरा खाली बसवू. जितकी खाली तितकी चांगली सुटते."

आणि वॉरंटी?

"ती जाईल," म्हणाला. ऊन पडेल म्हणावं तसं.

फेब्रुवारी दोन हजार सव्वीसपर्यंत आहे वॉरंटी. ते पुस्तक मला तोंडपाठ आहे. गाडीत कुठलाही बदल, कोणाच्याही हातून, झाला तर सगळी रद्द. सर्व्हिस फक्त पुण्याला, आयात करणाऱ्या कंपनीकडे. उद्या इंजिन बसलं आणि वॉरंटी नसली तर दुसरं इंजिन आणणं माझ्या सात पिढ्यांना जमणार नाही. पिवळी पोर्चमध्ये ताडपत्रीखाली जाईल आणि कायमची राहील. नियाज आला की आधी ताडपत्रीकडे बघेल.

पण बारा सेकंदांच्या आत...

रविवार, १ डिसेंबर

सहादेवने आवाज पकडला. मला महिनाभर शंका होती, त्याला दोन मिनिटं लागली.

सहादेव मिस्त्री म्हणजे मिरजगावचा पंपवाला, इंजिनांचे डिझेल पंप लावून देणारा. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढतात ते त्याच्या सेटिंगवर. कारखाने सुरू झाले की त्याच्या शेडबाहेर रांग लागते. मीटर नाही, कॉम्प्युटर नाही. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटतो. त्या वेळी शेडमध्ये कोणी बोलत नाही. मी पुण्यात एसी वर्कशॉप पाहिलीत, पांढऱ्या हातमोज्यांची माणसं पाहिलीत. एवढं ऐकणारा माणूस पाहिला नाही.

आज गार इंजिनावर त्याने मूठ कानाला लावली. सुरू करताना जो बारीक खडखडाट येतो, तो.

"हवेच्या पंपाच्या तोंडाशी दांड्यावरलं बुश सैल झालंय, ताई. गरम झालं की गप बसतंय. पर खात चाललंय."

"उघडशील?"

त्याने स्क्रू-ड्रायव्हर फडक्याने पुसला. लई वेळ पुसला.

"वॉरंटीत हाय म्हनता न्हवं? मग मी काय बोलू."

वॉरंटीचा मान राखतो, मला बरं वाटलं.

बुधवार, ४ डिसेंबर

जेवताना अम्मीने विचारलं, "वॉरंटी म्हंजे काय गं नेमकं?"

म्हटलं, बिघडलं तर ते फुकट दुरुस्त करतात.

"कवापर्यंत?"

अजून सव्वा वर्ष.

"आन् अट?"

दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. एक स्क्रूसुद्धा नाही.

अम्मीने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "मग ती गाडी अजून त्यांचीच म्हन की."

मी हसले. ती हसली नाही. हात धुताना मागून म्हणाली, "बसव ती पुली. कशाला जीव मारतेस."

चौऱ्याहत्तर वर्षांची बाई! महिनाभर "शर्यत बिर्यत काय, वय काय तुझं" म्हणत होती. एकाएकी काय झालं कळेना.

मंगळवार, १० डिसेंबर

पुली बसवायची.

बुधवार, ११ डिसेंबर

नाही बसवायची.

शुक्रवार, २० डिसेंबर

ठरवलं. शर्यत नाही. ट्यूनिंगवाल्याला कळवून टाकलं.

खडखडाट वाढतोय. तो सुपरचार्जरचाच दोष आहे, म्हणजे वॉरंटीत बसतो. आधी पुली बसवली तर ते म्हणणार तुमच्या पुलीमुळे झालं. शहाणपण कशात आहे ते लहान मूलही सांगेल. दिवसभर दुसऱ्यांना सांगते, समोर रस्ता दिसत नसेल तर वेग कमी करा. मग स्वतःलाही सांगावं.

संध्याकाळी पोर्चमध्ये उगाच पिवळी सुरू केली आणि शेजारी उभी राहिले. गार इंजिन खडखडलं, मग शांत झालं, मग ती घुरघुर. छातीत जाणवते ती. बॉनेटवर हात ठेवला. रडू येत होतं, ते आलं.

रविवार, ५ जानेवारी २०२५

क्लेमची तारीख मिळाली. चौदाला पुण्याला.

अम्मी म्हणते जाऊ नको. "त्या सहादेवला दाखव. तो करील." तिसऱ्यांदा म्हणाली. तिला वाटतं पुण्याचे लोक लुबाडतात. मी म्हटलं, अगं, फुकट आहे, त्यासाठीच तर दोन वर्षं जपली.

आज मिरजगावहून येताना अम्मी स्वतः दार उघडून उतरली. एका हाताने, आरामात. मला तो पहिला दिवस आठवला. गाडी घरी आली, अम्मी बसून आली, आणि उतरता येईना. सीट इतकी खाली, गुडघे इतके वाईट. मी एका बाजूने, नियाज दुसऱ्या बाजूने, आणि सगळी गल्ली गॅलरीत. त्यानंतर ती बसलीच नाही दोन महिने. मीही म्हटलं, राहू दे, मी एकटी जात जाईन.

मग मी उमऱ्याच्या यात्रेला गेले, गाडी पंधरा दिवस सांभाळायला सहादेवच्या शेडमध्ये ठेवली होती. आल्यावर अम्मीला झमझमचं पवित्र पाणी दिलं, आणि पुढच्याच रविवारी म्हणाली, चल, मी येते. बसली आणि उठलीसुद्धा. मी हे सगळ्यांना सांगते, अम्मीसमोर सांगते. ती काही बोलत नाही. बरकत बोलून दाखवायची नसते, म्हणून असेल.

मंगळवार, १४ जानेवारी

वॉरंटी रद्द. आजपासून नाही. दोन वर्षांपूर्वीपासून!

पहिल्यापासून लिहिते.

सर्व्हिसला गाडी नेली की हे ऑइल बदलून, धुऊन देतात. खालून कोण बघतो! क्लेम म्हटल्यावर मात्र लिफ्टवर चढवली आणि टॉर्च घेऊन तिघे. एक तरुण इंजिनिअर मला खाली घेऊन गेला. पुढच्या स्प्रिंगकडे बोट दाखवलं. स्प्रिंगच्या वेढ्यांत काळं रबर. चारही चाकांना. गाडी चांगली दीड इंच उचललेली.

"मॅडम, हे आमचं नाही."

माझंही नाही, म्हटलं. तो कसनुसा हसला. पुस्तक मी त्याच्यापेक्षा चांगलं वाचलंय, भांडणार काय? कुठलाही बदल, कोणाच्याही हातून. सुपरचार्जरचा स्प्रिंगशी काय संबंध? काही नाही. पण संबंध असावाच लागतो असं पुस्तकात लिहिलेलं नाही.

जाताना तोच इंजिनिअर हळूच म्हणाला, "काम मात्र फार सुंदर केलंय हो. ट्रॅक्टरच्या टायरचं रबर आहे, पण चारही बाजूंना केसाचा फरक नाही. कोणी केलं?"

कोणी केलं ते मला लिफ्टखालीच कळलं होतं.

परतताना शिरूरच्या पुढे कधीतरी दुसरी गोष्ट लक्षात आली. तिरकं घेणं! पावणेदोन वर्षं मी बायकांना शिकवते, हात बसला म्हणून. हात कसला बसतो, गाडी दीड इंच वर होती. अल्मास मॅडम, ड्रायव्हिंगच्या मास्तरीणबाई! स्वतःची गाडी उचललेली कळली नाही.

आणि ती शर्यत. ते चार-चार सेकंद. पाय दाबायच्या आधी दरवेळी आठवणारी वॉरंटी. जी नव्हतीच.

गुरुवार, १६ जानेवारी

मिरजगावला गेले. अम्मीला सांगितलं नाही.

सहादेवच्या शेडमध्ये ट्रॅक्टरवाले बसले होते. त्यांच्यासमोर बोलले. जे बोलले ते इथे लिहिणार नाही.

तो मान खाली घालून उभा. "व्हय ताई, मीच घातली रबरं. घासत हुती म्हनून."

"मला विचारायचं नाही?"

"चुकलं."

"दोन वर्षांत एकदा तरी सांगायचं!"

"चुकलं, ताई."

बस. एवढा कान असलेला माणूस, आणि माझ्या गाडीचा जीव जाईल हे त्याला कळलं नसेल? निघताना म्हटलं, पुन्हा माझ्या गाडीला हात लावू नकोस. तो मागून म्हणाला, "बुश तेवढं बघू द्या. नायलॉनचं लेथवर कातून ठेवलंय मी. महिना झाला."

थांबले नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

मिरजगावला जाणं बंद. ज्ञानेश्वरीताईंनी स्पीडब्रेकरवरून गाडी सरळच नेली. मी पुढचं वळण दाखवलं.

रविवार, १९ जानेवारी

सकाळी अम्मी ओढणी घेऊन गाडीजवळ तयार. म्हटलं, जायचं नाही. म्हणाली, "नियाजनं सांगितलं मला. सहादेवला दिल्यास त्या शिव्या मला दे. त्या माझ्या हायत. तू उमऱ्याला गेल्तीस तवा मीच त्याच्या शेडात जाऊन बसले. म्हनलं, माझ्या गुडघ्याला जमंल एवढी वर कर. तिला सांगू नगंस, गाडी बिघडवली म्हनंल. तू म्हनाली हुतीस, एकटी जात जाईन. मला ते नको हुतं." मग दार उघडून बसली. "झमझमची बरकत हायच. वर थोडं रबर."

मिरजगावला पोचलो. सहादेवने बुश बसवलं. गार इंजिन सुरू केलं – खडखडाट नाही. मी ट्रॅक्टरवाल्यांसमोरच त्याची माफी मागितली. तो लाजला, फडकं शोधू लागला. अम्मीने फेब्रुवारीतल्या शर्यतीचं काढलं, तसा म्हणाला, "ताई, शर्यतीला गाडी खाली पायजे. रबर काढू का?"

नको म्हटलं. पुली बसव.