नळीवरची रेघ

आई, तुझ्या गुडघ्याला डॉक्टरांनी जे चोपडायचं औषध लिहून दिलं होतं, तेच आज माझ्या गुडघ्याला लिहून दिलं. आता नळी प्लास्टिकची असते. तुझी पत्र्याची होती, दाबली की दबलेलीच राहायची. म्हणून तर मला तिच्यावर बॉलपेननं रेघ ओढता आली.

परभणीच्या त्या दवाखान्यात डॉक्टरांनी तुझ्या गुडघ्यावर लावूनच दाखवलं होतं. मोठ्या चिंचोक्याएवढं घ्यायचं, दिवसातून दोनदा, हलक्या हातानं. तेलासारखं रगडायचं नाही, वरून विटेचा शेक द्यायचा नाही, फडकं बांधायचं नाही. कातडी सोलली असेल तिथं लावायचं नाही, आणि लावून झालं की हात धुतल्याशिवाय डोळ्याला न्यायचे नाहीत. तुझं पोट जळायचं म्हणून दुखण्याची गोळी आपल्या मनानं घ्यायची नाही, असंही बजावलं. तू प्रत्येक गोष्टीला मान हलवलीस आणि रस्त्यावर आल्यावर म्हणालीस, "झोंबत न्हाई, वास न्हाई. ह्ये कसलं औषध?" तुझा त्या औषधावर विश्वास नव्हता. माझा तर माणसांवरही फारसा नसायचा.

पुढच्या रविवारी मी पेडगावला घरी आलो तेव्हा पंधरा दिवसांची नळी संपत आली होती. तुला विचारलं तर म्हणालीस, "लावायले की मीच." मी दुसरी नळी आणली, तुला न सांगता मधोमध रेघ ओढली आणि भिंतीतल्या देवळीत ठेवली. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत एस.टी. कधी बंद पडेल याचा नेम नसायचा. तिसरी नळी वेळेवर मिळेल याची खात्री नव्हती. चार दिवसांनी पुन्हा आलो, पाहिलं तर औषध रेघेच्या बरंच खाली. घरात दादा, वहिनी आणि तू. दादा दिवसभर रानात. मी हिशेब करून मोकळा झालो.

चुलीपुढं आम्ही दोघं भाऊ जेवायला बसलो होतो. तू विस्तव सारखा करत होतीस, वहिनी भाकरी थापत होती. तिला सातवा चालू होता. मी ताटाकडं बघत म्हणालो, या घरात औषधाला पाय फुटायला लागलेत. मग वहिनी भाकरी उलटत म्हणाली, "वास न्हाई म्हणं त्याला. मग चोर वळखणार कसा, भावजी?" दादाचा घास हातातच राहिला. तू मात्र विस्तवावरून नजर उचलली नाहीस. त्या दिवसापासून वहिनी माझ्या ताटात भाकरी वाढायची, पण आणखी हवी का, असं कधी विचारलं नाही.

महिन्याभरानं मी तुला पुन्हा दाखवायला नेलं. गुडघा तपासून झाला, डॉक्टर चिठ्ठी लिहीत होते आणि तू मध्येच विचारलंस, "डाक्टरसाब, पोटुशीला लावलं तर?" त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, विचारल्याशिवाय नाही लावायचं, शेवटच्या महिन्यांत तर नाहीच. कुणाला लावलं? तू म्हणालीस, "असंच इचारलं." औषध तूच वहिनीला लावत होतीस, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. एस.टी.त मी तुझ्या शेजारी बसलो होतो. घरी गेल्यावर तू सगळ्यांसमोर सांगशील, सुनेवरचा आळ काढशील, असं वाटत होतं. तू सांगितलं नाहीस. पुढं बाळ झालं, धडधाकट झालं. तू त्याच्या पायाची बोटं दोनदा मोजलीस, तरी गप्पच राहिलीस. स्वतःची चूक झाकायला तू लेकीसारख्या सुनेला चोर ठरू दिलंस, असं मी मनात धरलं. तू गेलीस तरी ते गेलं नाही.

आज वहिनी आली होती. माझ्या उशाची नळी उचलून तिनं उलटीपालटी करून पाहिली. "भावजी, औंदा रेघ न्हाई वढली का?" मी हसल्यासारखं केलं. मग तिनं आपणहूनच तुझ्याबद्दल सांगितलं, "कापसाच्या वेचणीहून आले की कंबर धरायची माझी. आत्याच लावायच्या, दुपारच्याला. मी नाव घेतलं असतं तर तुमी त्यांना बोलला असता."

मी नळी तिच्या हातातून घेतली. तू पोटुशीचं विचारलंस त्या दिवशी डॉक्टर आणखी एक वाक्य बोलले होते, ते मी वर लिहिलं नाही. "मी यांना मागंच सांगितलं होतं की," असं म्हणून त्यांनी माझ्याकडं पाहिलं होतं. खरंच सांगितलं होतं. पहिल्या वेळी तू बाहेर चपला घालत होतीस तेव्हा, हे औषध आईंपुरतंच, घरात कुणी गरोदर असेल तर तिला लावू देऊ नका, म्हणून. वहिनीला दिवस गेलेत हे मला माहीत होतं. पण तुझ्यासमोर, दादासमोर तो विषय काढायची मला लाज वाटली, आणि मी घरी सांगितलंच नाही. एस.टी.त तू एवढंच विचारलंस, "तुला म्हाईत व्हतं?" मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तू तोंड उघडलं असतंस तर त्यात माझंही नाव आलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

हा कागद मी नळीच्याच खोक्यात घडी करून उशाशी ठेवणार होतो. पण वहिनी पुन्हा येईल, आणि तिला वाचता येतं. म्हणून कागदासकट खोकं कपाटावर, तिचा हात पोचणार नाही असं ठेवलंय.