घर फिरवून दाखवू नकोस

हेमंत,

मी वकीलबाईंकडे चाललेय. तुझे प्रधान वकील घरखरेदीचे कागद उत्तम करतात, पण माझ्यावर ड्रग्ज बाळगल्याची केस आहे. पाठदुखीसाठी कोलोरॅडोहून आणलेल्या गांजाच्या गमीज, त्या चघळायच्या गोळ्या, तिथे कायदेशीर असल्या तरी इथे टेक्सासमध्ये गुन्हा ठरतात. ‘कबूल करून मोकळी हो’ हा तुझा सल्ला ऐकला तर ग्रीन कार्डही धोक्यात येईल, असं बाई फोनवर म्हणाल्या. तेव्हा मी लढणार आहे.

मराठी मंडळात मला व्हायरल ताप आलाय असं सांगू नकोस. संध्याकाळच्या मीटिंगला मी येतेय.

पोलीस परत आला तर ‘वकिलांशी बोला’ एवढंच म्हण. मागच्या वेळी तो शेजारच्या चोरीची चौकशी करायला आला होता. तू त्याला चहा दिलास आणि पाहुण्यासारखं अख्खं घर फिरवून दाखवलंस, माझ्या औषधांच्या खणासकट.

ऋता