घरातल्या साऱ्या गाठी

माय, तू गेलीस त्याला इतकी वर्षे झाली की माझे वय आज तुझ्या अखेरच्या वयाहून अधिक आहे, आणि तरीही एका मुद्द्यावर तुझ्याशी माझा वाद शिल्लक आहे. माणूस घाबरला आहे हे ओळखायचे कशावरून, हा तो मुद्दा. मी न्यायशास्त्र शिकलो, कायदा शिकलो. धुरावरून अग्नीचे अनुमान कसे करावे हे मला ग्रंथांनी सांगितले. तू मूलजवळच्या आपल्या गावात आयुष्यभर सुईणपण केलेस आणि एक अक्षर वाचले नाहीस. पण बाळंतिणीच्या दारात पाऊल टाकताच त्या घरात कोण किती भ्याला आहे, हे तुला कळत असे. सासू विनाकारण खेकसते आहे, सासरा तिसऱ्यांदा पाणी पितो आहे, नवरा हसतो आहे पण त्याच्या ओठांतली बिडी पेटलेलीच नाही. मग तू ज्याला त्याला काम लावायचीस. पुरुषांसाठी काम ठरलेले: बाळंतीण मोकळी होईपर्यंत घरातल्या साऱ्या गाठी सोडायच्या. त्याने प्रसूती सोपी होते असे गाव मानत होते. तू मानत नव्हतीस. मला एकदा तू स्वच्छ सांगितले होतेस, "गाठीनं काई होत नाई रे. रिकामा मानूस दारात येरझारा घालते, त्याच्यापक्षा बरं."

सन पन्नासनंतरची ती गोष्ट. चांद्याच्या कोर्टात माझी वकिली नुकतीच सुरू झाली होती. तुझ्या सुनेला माहेरी आई नव्हती, म्हणून पहिले बाळंतपण तुझ्याच हाती आले. पहाटेपासून कळा सुरू होत्या, दुपार कलली तरी मूल अडलेलेच. तू ऊन पाण्यासाठी बाहेर येतेस आणि मी तुझ्यापुढे उभा राहतो. "प्रथमतः, मी घाबरलेलो नाही. दुसरे, गाठ आणि प्रसूती यांत कार्यकारणसंबंध नाही. तिसरे..."

"तिसरं राहू दे," तू म्हणतेस. "तू भेला का लई शुद्ध बोलतं. सहा वर्साचा होता तवापासून. जाय, गाठी सोड. साऱ्या."

माझे तळहात गार आहेत, हे मला त्या क्षणी प्रथम जाणवले. मी कामाला लागलो. पोत्यांची तोंडे सोडली, केरसुणीचा बंध सोडला, खाटेची सुतळी सोडली, कुंपणाचे बांबू मोकळे केले. विहिरीच्या दोराची गाठ सोडली तेव्हा बादली तळाला गेली. तरीही आतला आवाज थांबेना. मग मी शेजारच्या काकांच्या गोठ्यात शिरून त्यांच्या दोन्ही रेड्यांची दावी सोडली.

थोड्या वेळाने काका धापा टाकत आले. "वकीलसाहेब, माहे हेले पऱ्ह्यात घुसून राह्यले. कोनं सोडले?"

मी सोडले, असे मी सांगितले. 'साऱ्या' या पदाला अपवाद नमूद नव्हता, हेही सांगितले.

"अपवाद? अर्धे पऱ्हे खाल्ले ना भाऊ. आता बांधीत काय रोवू, तुमची वकिली?"

आतून हसण्याचा आवाज आला. आधी तुझा आणि मग, कळ दाबत, तिचा. पऱ्ह्यातली भाताची ती रोपे गेली ती गेलीच; पुढे रोवणीच्या दिवसांत मी काकांच्या भाताच्या बांधीत दोन दिवस वाकलो, आणि त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला वकील दाखवला. पण ते नंतर. त्या दिवशी ते हसणे विरले न विरले तोच पोरगी रडली.

तू बाहेर आलीस. "दोघी बऱ्या हायेत," म्हणालीस आणि उंबऱ्यावर बसलीस. तुझा अंबाडा सुटलेला होता. इतक्या बाळंतपणांत तुझे केस मोकळे कुणी पाहिले नव्हते, आणि ते आपोआप सुटलेले नव्हते. केस बांधायचा आगवळ नीट गुंडाळून तुझ्या मुठीत होता. मी अनुमान केले. ते अचूक होते. त्या वेळी तुझ्याजवळ नुसते बसावे, एवढेही मला जमले नाही. मी युक्तिवाद केला. म्हणालो, "तुझी रीत असिद्ध ठरली. माझ्या करदोड्याची गाठ मी सोडलीच नव्हती, आणि तरी मूल झाले."

"हो का," म्हणत तू केस बांधू लागलीस आणि हसलीस.

पाचवीच्या दिवशी तू बाजारातून काळा करदोडा आणलास. एक हातभर तुकडा पोरीच्या कमरेला बांधलास. उरलेला लांब दोरा माझ्या धुतलेल्या कपड्यांवर ठेवलास. मी तो घेतला आणि कमरेला बांधला.

हे पत्र कुठे जाणार नाही. गेले असते तरी त्यात तुला नवे काही नसते. तरी कबुली नोंदवणे भाग आहे. मी गोठ्यामागे खूप प्रयत्न केला, माय. घामाने ती गाठ घट्ट बसली होती, सुटेना. मी विळ्याने करदोडा कापला.