टाचेची जागा

४ फेब्रुवारी, मंगळवार

लाल! लालच घालणार.

सीटवाल्यांनी आज गाडीत घालायच्या कार्पेटच्या नमुन्यांचं बाड उघडलं. तळहाताएवढे तुकडे, एका कडीत ओवलेले. अर्धा तास मला शिकवत बसले. ताई, लोकरीचं घ्या, नायलॉन चकाकतं. लूप, म्हणजे फासांची वीण, नको; टाचेत अडकून धागा निघतो. काठाला रेक्झिन लावू नका, चामडंच लावा. खाली तागाचं जाड अस्तर हवं, नाहीतर इंजिनची धग पोटऱ्यांना लागेल. सगळं निमूट ऐकलं. निमूट — मी! पण रंगाच्या बाबतीत कुणाचं ऐकणार नाही. मला आठवतो तो लाल. माझे पांढरे बूट, त्याखाली लाल कार्पेट, आणि मी समोरच्या फळीला धरून उभी. चार वर्षांची होते. बाबा चालवत होते. पुढचं काही आठवत नाही. जाग आली तेव्हा पाय दोरीनं वर टांगलेला होता.

ज्या गाडीनं माझा उजवा पाय दीड इंच आखूड केला, ती मी चालवणार. बेचाळीस वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. आता इंजिन झालं, ब्रेक झाले, रंग झाला. फुगीर दिव्यांमुळे मेकॅनिक तिला बेडूक म्हणतो. कार्पेटं बसली की बेडूक रस्त्यावर.

बाबांनी जाण्याआधी ती माझ्या नावावर करून ठेवली. काय वाटलं असेल त्यांना? दोन सीटची गाडी दिली की पोरगी सगळं विसरेल?

५ फेब्रुवारी

आईपुढे नमुने ठेवले. बघितलेसुद्धा नाहीत.

“मोडीत दे ती गाडी.”

वर्षभर तेच एक वाक्य. मी मुद्दाम विचारलं, जुनं कार्पेट कुठल्या रंगाचं होतं, आठवतं? “राखाडी,” म्हणाली. पटकन. मटार सोलता सोलता, मान वर न करता.

मला हसूच आलं. हिला काय माहीत! ही त्या गाडीत कधी बसलीच नाही. गाड्यांची धास्ती. टॅक्सीतसुद्धा डोळे घट्ट मिटून, पर्स छातीशी धरून बसते. आणि म्हणे राखाडी.

८ फेब्रुवारी

उजव्या बुटाचा तळ पुन्हा वाढवून घेतला. सीटवाले म्हणालेत, मापाला रोजचेच बूट घालून या.

११ फेब्रुवारी, मंगळवार

राखाडी निघाला.

सीटवाल्यांनी जुनी कार्पेटं उचकटली. वरून तर नुसता मातीचा रंग. मी म्हटलं, धुतल्यावर लाल दिसेल. ते खाली वाकले. सीटच्या रुळाखाली हात घातला आणि एक तुकडा ओढून काढला — जिथे ऊन नाही, पाय नाही, पाणी नाही. स्वच्छ राखाडी. दुसऱ्या बाजूचा काढला, तोही राखाडी. “ताई, ह्या गाडीत लाल कधी नव्हतंच. टाके बघा, कारखान्यातलेच आहेत. पहिलंच कार्पेट आहे हे.”

मी वाद घातला! त्यांच्याच दुकानात, त्यांच्याशी. तुम्हाला काय ठाऊक, मी उभी होते त्यावर, वगैरे. म्हातारा बिचारा तुकडा हातात धरून उभा. शेवटी म्हणाले, “लहानपणी दवाखान्यात लाल घोंगडी-बिंगडी असेल.” असेल. पण मला ते बूट दिसतात. आजही लिहिताना दिसतायत.

आणि आईला कसं माहीत?

१३ फेब्रुवारी

आज माप. हे लिहायलाच हवं, सगळं, क्रमानं.

सीटवाल्यांची एक पद्धत आहे. चालवणाऱ्याची टाच जिथे टेकते तिथे कार्पेटला रबराचा चौकोन शिवतात, नाहीतर सहा महिन्यांत भोक पडतं. त्या चौकोनाची जागा ते पट्टीनं मोजत नाहीत. माणसाला गाडीत बसवतात, डोळे मिटायला लावतात, म्हणतात, दहा वेळा ब्रेक दाबा. मग खाली वाकून टाचेभोवती खडू फिरवतात. “डोळे उघडे असले की माणूस ऐटीत बसतो,” म्हणाले. “मिटले की खरा बसतो.”

बसले. मिटले. दाबला. माझ्या टाचेभोवती खडू फिरला.

मग त्यांनी जुनं कार्पेट आणून शेजारी अंथरलं. नवं कापायला जुनंच नमुन्याला लागतं, म्हणून नवं बसेपर्यंत जुनं फेकत नाहीत. त्यात टाचेचं भोक होतं. रुपयाएवढं, कडा झिजलेल्या. सीटवाल्यांनी एकदा भोकाकडे बघितलं, एकदा माझ्या खडूकडे.

“तुमच्या बाबांची उंची काय हो?”

“सहा फूट.”

“मग ही टाच त्यांची नाही.”

भोक माझ्या खुणेच्याही पुढे होतं, पेडलच्या पार जवळ. आणि लहान. अगदी लहान टाच. त्यांनी सीटचे रूळ दाखवले. मागच्या सगळ्या खाचा कोऱ्या, गंजलेल्या. सगळ्यात पुढची तेवढी घासून गुळगुळीत. “सीट कायम इथे होती. सहा फुटाचा माणूस इथे बसला तर गुडघे कानाला लागतील. एखादी बुटकी बाई चालवत असणार.”

मी कवळ्या करते. वीस वर्षं झाली. जुनी कवळी हातात आली की माणूस कुठल्या बाजूनं चावतो, पाईप ओढतो का, दातात सुई धरतो का, सगळं सांगते. झीज खोटं बोलत नाही, हे शिकाऊ मुलींना मीच शिकवते. त्या भोकाकडे बघून मला काय ते कळलं होतं. तरी म्हटलं, आधीचा कुणी मालक असेल.

“पहिलाच मालक आहे, ताई. टाके बघितलेत ना तुम्ही.”

आई चार फूट अकरा इंच आहे.

१४ फेब्रुवारी

कामावर दोन साचे बिघडवले. एक तर हातातून पडलाच.

आईशी बोलले नाही. तिनं विचारलं, “बरं नाही का?” मी म्हटलं, पाय दुखतोय. ती लगेच उठून गरम पाण्याची पिशवी घेऊन आली. ती पिशवी पायावर ठेवून घेतली मी. का घेतली?

१६ फेब्रुवारी, रविवार

आत्याकडे गेले. बाबांची बहीण, शहाऐंशीची, पण डोकं लख्ख. आडपडदा न ठेवता विचारलं — ती गाडी कोण चालवायचं?

आधी म्हणाली, जुन्या गोष्टी कशाला उकरतेस. मग चहा करायला उठली. मग चहात साखर घालायची विसरली. मग बसली.

“अगं, दादाला गाडी येत कुठे होती तेव्हा! तो नंतर शिकला, ऑफिसच्या गाडीवर. ती गाडी तुझ्या आईच्या वडिलांनी तिला दिली होती, कागद तेवढे दादाच्या नावावर. काय चालवायची! डोक्याला रुमाल बांधून, वळणावर हात बाहेर काढून. अख्खा रस्ता बघत राहायचा.”

माझी आई. टॅक्सीत डोळे मिटणारी.

“आणि त्या दिवशी?”

“तीच होती. दादा ऑफिसातून धावत आला. दवाखान्यात त्यानं सगळ्यांना सांगून टाकलं, मी चालवत होतो, पोरगी शेजारी उभी होती, तोल जाऊन दारातून खाली पडली. कुणी लायसन मागितलं नाही. मला म्हणाला, अगं, हिला लोक जगू देणार नाहीत. मला काय, पुरुषाला चार दिवस बोलतील.”

“चार दिवस? मी बेचाळीस वर्षं बोलले, आत्या!”

ती रडायला लागली. मला तिची दया आली नाही. म्हणजे हिला माहीत होतं. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला येऊन जेवून जायची आणि हिला माहीत होतं! तेव्हा गाडी बघणाऱ्या मेकॅनिकच्या बापालाही माहीत असेल, शेजारपाजाऱ्यांनाही असेल. सगळे मूग गिळून बसले. मी एकटी मूर्ख!

१७ फेब्रुवारी

पंधराव्या वर्षी मी बाबांना म्हणाले होते, तुमच्यामुळे माझ्याशी कुणी लग्न करणार नाही. ते म्हणाले, “हो गं, माझ्यामुळेच.” दर सहा महिन्यांनी माझे बूट स्वतः चांभाराकडे घेऊन जायचे. मी त्यांना साधं ‘आणलेत का’ असंही विचारायची नाही. दाराशी ठेवलेले दिसायचे.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात त्यांनी विचारलं, “आता तरी सोडशील का मनातलं?” मी म्हटलं, नाही.

आई तिथेच होती! औषधाची बाटली हलवत. चमच्यात ओतत होती ते औषध. एक थेंब सांडला नाही तिचा. “नाही” हा शब्द तिनं ऐकला, बाबांनी ऐकला, आणि तिनं चमचा त्यांच्या तोंडाशी धरला. तीन दिवसांनी ते गेले.

तेव्हा बोलायचं नाही? तेव्हासुद्धा नाही?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बोलले. बोलले कसली, ओरडले. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून. हातात कार्पेटचा तुकडा होता, भोकाचा. सीटवाल्यांकडून मागून आणला होता. तो ओट्यावर आपटला.

“ही कुणाची टाच?”

बघितलं तिनं. हात पुसले. आणि हात लावला त्या भोकाला, एक बोट आत घातलं.

“माझी.”

एवढंच! मला वाटलं होतं रडेल, नाकारेल, आत्याला शिव्या देईल. काही नाही. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. चोर म्हणाले. माझा बाप चोरलास म्हणाले. तो जिवंत असताना मला मिळू दिला नाहीस, स्वतःची कातडी वाचवायला. त्याला मरतानाही सोडवलं नाहीस. एकदा, एकदा म्हणायचं होतंस ना, तो नव्हता गं, मी होते!

ती म्हणाली, “त्यांनी शपथ घातली होती.”

“ते गेल्यावर कुणाची शपथ?”

त्यावर तिनं ताट वाढलं. मग म्हणाली, “जेवून घे.” माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. ताट तसंच टाकून निघून आले.

अपघात कुणाच्याही हातून होतो. ती चालवत होती, मी दारातून पडले, मी एवढं समजू शकते. खरंच समजू शकते. पाचव्या वर्षी सांगितलं असतं तर पाचव्या वर्षी माफ केलं असतं. पण हे असं रोज बघत राहायचं? मी त्या माणसाला रोज टोचतेय आणि ही पोळ्या लाटतेय!

१९ फेब्रुवारी

बोलत नाही. तीही नाही. घरात दोघींच्या चपलांचा आवाज तेवढा.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सीटवाल्यांकडे जाऊन आले. राखाडी सांगितलं. लोकरीचं, बिनफासांचं, चामड्याची काळी किनार. लाल नमुना त्यांनी आपणहून बाडाच्या मागे सरकवून ठेवला होता. भला माणूस.

“रबर तुमच्याच खुणेवर ना?”

“माझ्याच.”

घरी येताना बाबांचा विचार करत आले. पहिल्यांदा राग नव्हता. काय करायचं त्या न-रागाचं, कळेना. कुणाला जाऊन सांगणार? आमच्या गॅरेजमध्ये, मापानंतर परत आणून ठेवलेल्या बेडकाच्या उघड्या पत्र्यावर बसून रडले, भरपूर. कार्पेट नसलं की गाडीत प्रत्येक आवाज घुमतो. हुंदकासुद्धा.

आईनं खिडकीतून बघितलं असणार. खाली आली नाही.

२३ फेब्रुवारी

ठरवलं. गाडी झाली की एकदाच तिला शेजारी बसवायचं, बाबा जिथे गेले त्या दवाखान्यापर्यंत न्यायचं, आणि तिथे तिच्या तोंडून ऐकायचं — मी होते, मी चुकले. तेवढं म्हणाली की मी विषय संपवीन. आई आहे. अपघात होता.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी आई आपणहून बोलली. कप विसळत होती, पाठ माझ्याकडे.

तू गाडीत नव्हतीसच, म्हणाली. मी घर सोडून चालले होते. बॅग घेऊन, एकटी. तुला शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. तू फाटकातून धावत आलीस आणि चालत्या गाडीच्या दाराची मूठ धरलीस. मला आरशात दिसत होतीस. वाटलं, सोडशील.

“मग गेली का नाहीस?”

“तू पडलीस म्हणून.”