दिवाळीनंतरचा नाताळ

झरी, जि. परभणी
५ ऑक्टोबर २०२५

ती. अक्कास,
चंद्रभानचा सप्रेम सलाम. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून आपण या वयात पुन्हा पत्रे लिहू लागलो, याचे पोस्टमनला नवल वाटते. तो म्हणतो, झरीत आता फक्त नोटिसा येतात आणि पास्टरच्या अक्काची पत्रे.

माझ्या कोकिळेला जाऊन उद्या आठ आठवडे होतील. तू महिनाभर येथे राहिलीस, माझे जेवणखाण पाहिलेस, भेटायला येणाऱ्यांशी बोललीस. त्याबद्दल मी तोंडाने काही बोललो नाही, म्हणून येथे लिहितो. मी तुझा आभारी आहे. मंडळीचाही आहे. सप्टेंबरच्या पावसात त्यांचे सोयाबीन शेतातच कुजले, तरी माझ्याकडे डबा आला नाही असा एक दिवस गेला नाही.

तिच्या वस्तू मी देऊन टाकल्या. साड्या राजेश्रीला आणि वस्तीतल्या इतर बायांना दिल्या. नाताळचा मोठा तारा शेजारच्या चतुराबाईंना दिला. तो घरात मला बघवत नव्हता.

आता मुख्य गोष्ट. या वर्षी मी मुली ठेवणार नाही. आईबाप ऊसतोडीला गेले की मंडळीतल्या सात-आठ मुली पाच-सहा महिने आमच्या घरी राहून शाळा करतात, ते सगळे कोकिळेमुळे चालले होते. बाईमाणूस नसलेल्या घरात मी मुली कशा ठेवू? त्यांच्या आजारपणात कोण उठेल? दिवाळीनंतरचा नाताळही घेणार नाही. पंचवीस डिसेंबरला गावात जी चार म्हातारी माणसे असतील त्यांच्याबरोबर उपासना करीन, आणि जानेवारीत काम सोडून तुझ्याकडे जालन्याला येईन.

राजेश्री आणि परमेश्वरची निकिता आता सातवीत आहे. ती मागे राहिली नाही तर उसाच्या फडावर धाकट्या भावाला सांभाळील, भाकऱ्या करील, आणि एक-दोन वर्षांत तिच्याही हातात कोयता येईल. हे मला कळते. तरी माझ्याने होणार नाही. अजून कोणाला सांगितलेले नाही. दिवाळी झाली की सांगेन.

तुझ्या प्रार्थनेत माझे नाव असतेच, ते तसेच राहू दे.

तुझा
चंद्रभान


जालना
११ ऑक्टोबर २०२५

चि. चंद्रभान यास,
सत्यशीलाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले. तुझ्यासाठी मागची खोली रिकामी केली आहे. शिलाईची मशीन पडवीत काढली. जानेवारीत कशाला, हवे तेव्हा ये. बहिणीच्या घरी यायला तारीख लागत नाही.

तू बाईमाणसाचे कारण दिलेस. ते खरे आहे, मी खोटे म्हणत नाही. तुला भाकरी थापता येत नाही हे दुसरे कारण मात्र लिहायला विसरलास. मी महिनाभर तुझा स्वयंपाक बघितला आहे. चाळीस वर्षे सरकारी दवाखान्यात नर्स होते, तरी असले अन्न रुग्णांना दिलेले मला आठवत नाही.

चंद्रभान, तुला आठवते का बघ. पंधरा वर्षांपूर्वी कोकिळेने नाताळ दिवाळीनंतर करायचे काढले तेव्हा तू मला चार पाने लिहिली होतीस. प्रभूचा जन्मदिवस मागेपुढे करायला ती काय ग्रामसभा आहे, असे तुझे म्हणणे होते. तिने तुला विचारले होते, की योसेफ आणि मरीया तरी त्या दिवसांत कुठे होते? तेही दुसऱ्याच्या हुकमाने गाव सोडून वाटेलाच लागले होते. मग जी माणसे डिसेंबरात उसाच्या फडात असणार, त्यांना वगळून नाताळ करायचा तरी कोणाचा? शेवटी तिचेच खरे, हेही तूच त्या पत्रात लिहिले होतेस. तेवढ्यासाठी मी ते जपून ठेवले आहे.

तेव्हापासून तुमच्याकडे तारा लागला की वस्ती समजते, दिवाळीनंतरच्या रविवारी नाताळ, आणि त्याच दिवशी मुली पाळकांच्या घरी. वेगळे सांगावे लागत नाही. म्हणूनच म्हणते, ठेवणार नसशील तर आजच जाऊन सांग. गरिबाला नाही म्हटले तर तो सोसतो, पण उशिरा नाही म्हणू नये. दुसरी सोय बघायला त्याला चार दिवस तरी मिळावेत. तीस वर्षे न्यायावर संदेश देतोस, एवढा न्याय कर.

मी रागावलेली नाही. गुडघे ठीक आहेत. कान होते तसेच. पोटाला वेळेवर घाल आणि बहिणीला विसरू नको.

तुझी
अक्का


झरी
२७ ऑक्टोबर २०२५

ती. अक्कास,
चंद्रभानचा सप्रेम सलाम. वि. वि.

तुझे पत्र मिळाले त्याच संध्याकाळी परमेश्वरच्या घरी सांगायला गेलो. राजेश्री निकिताच्या दप्तराची तुटलेली चेन बसवत होती. तिने चहा ठेवला. निकिताने गणिताची वही दाखवली. चहा पिऊन मी परत आलो. पाडव्याला पुन्हा गेलो, तेव्हाही चहा पिऊन आलो. हसू नकोस.

मधल्या दिवसांत एक गोष्ट झाली होती. चतुराबाईंनी वसुबारसेला तो तारा आकाशकंदील म्हणून लावला. त्यांचे लिंबाचे झाड आमच्या दोघांच्या अंगणांच्या मध्ये आहे हे तू पाहिलेच आहेस. रस्त्यावरून बघणाऱ्याला तारा आमच्याच दारात दिसतो. मला दिसला तेव्हा मी त्या बाजूची खिडकी लावून घेतली. बाकीच्यांना तो दिसून काय वाटेल, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

काल रविवारी सकाळी मी बनियनवर अंगणात कपडे धूत होतो. समोरून राजेश्री, परमेश्वर आणि त्यांच्यामागे सगळी वस्ती आली. नवे कपडे, मुलींच्या वळकट्या, आणि दरवर्षीप्रमाणे मुलींच्या खाण्यासाठी ज्वारीची पोती. सात मुली होत्या. बुधवारी मुकादमाच्या गाड्या निघणार आहेत. परमेश्वरने पोते ओसरीत ठेवले आणि मला म्हणाला, की साहेब, नाताळच्या दिवशी धुणं काढलंत व्हय.

मी सदरा घातला आणि उभा राहिलो. संदेश तयार नव्हता. म्हणून खरे तेच सांगितले, की तारा मी लावलेला नाही, तो चुकून लागला, आणि या वर्षी मुली ठेवणे मला जमणार नाही. हेही सांगितले, की तुम्हाला आधी सांगायला हवे होते, मला धीर झाला नाही. निकिता खाली मान घालून वळकटीची दोरी सोडत-बांधत होती.

राजेश्री माझ्याशी कधी फारसे बोलत नाही. ती मागून म्हणाली,

"तारा कुनी लावला ते आमी कवा इचारलं, पास्टर? लागला, आमी आलो."

अक्का, तिचे शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत.

तेवढ्यात चतुराबाई दारात आल्या. त्यांना वाटत होते की आपल्या हातून मोठा गुन्हा झाला. सगळे ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, की पास्टरला पोरींचं भ्या वाटत असंल तर मी येते झोपायला, माझ्या घरी तरी कोन हाय. वर म्हणाल्या, देवपूजा सकाळी घरी जाऊन करीन, देवाला काही चार पावलं लांब न्हाईत. बाया हसल्या. मग मीही हसलो. ऑगस्टनंतर पहिल्यांदा.

संदेशाच्या वेळेला आम्ही अर्ज लिहिला. गावातच सरकारचे हंगामी वसतिगृह मिळावे म्हणून कोकिळा दरवर्षी अर्ज लिहायची, मी फक्त सही करायचो. काल मी लिहायला बसलो आणि "कृपा करून मुलींची सोय करावी" असे लिहिले. निकिता शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, की पाळकबाई "कृपा करून" लिहू देत नव्हत्या, मागच्या वर्षी त्यांनी ते खोडलं होतं. मी विचारले, का? तर म्हणाली, शाळेत बसणं ही कोणाची कृपा नसते म्हणायच्या. मी खोडले. मोठ्या माणसांनी सह्या केल्या, कोणी अंगठे लावले. तेवढाच कालचा संदेश. मी दिलेल्यांपैकी बहुतेक तोच बरा असेल, आणि तोही माझा नव्हता.

तीस वर्षे मी आशेवर बोललो. पुढे चांगले होईल असा भरवसा, असा तिचा अर्थ सांगत आलो. या माणसांचे पीक गेले, बुधवारी त्यांचे घरही सुटणार. पुढे चांगले होईल असे त्यांना कोणी सांगितलेले नाही. तरी ती पोती घेऊन आली. मी जिला चूक म्हणालो, तिच्यामुळे आली. देवाचे आभार कसे मानावेत हे मला आज नीट माहीत नाही, पण मानतो आहे.

आज सकाळी मी भाकऱ्या केल्या. सर्वांत लहान सृष्टी म्हणाली की ही तर परभणी जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली. खाल्ली मात्र.

तेव्हा जालन्याला येणे होणार नाही. तू खोली रिकामी केलीस, मशीन हलवलीस, त्याबद्दल क्षमा कर. चतुराबाई तारा काढायचा का म्हणून विचारत होत्या. मी राहू द्या म्हटले. ती खिडकी उघडली आहे.

तुझी माया आजवर पुरली, पुढेही पुरेल असे धरून चालतो.

तुझा
चंद्रभान


जालना
१ नोव्हेंबर २०२५

चि. चंद्रभान यास,
सत्यशीलाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचले. दुसऱ्यांदा चष्मा पुसून.

क्षमा कसली मागतोस. खोली रिकामी करण्यात माझा फायदाच झाला, आवराआवर आपोआप झाली. त्यामुळे कुलूप लावून निघणे सोपे आहे. शनिवारी, आठ तारखेला, सकाळच्या गाडीने परभणीला उतरते. एप्रिलपर्यंतचे कपडे घेतले आहेत. चतुराबाईंना सांग, त्यांनी आपल्या घरी निवांत झोपावे, फक्त गप्पा मारायला यावे आणि मोठ्याने बोलावे.

कोकिळेच्या जागी मी येत नाही. त्या जागी कोणाला येता येणार नाही, तुलाही नाही. मी भाकऱ्या करायला आणि ताप बघायला येते. मुलींना नकाशा शाळेत शिकू दे.

सात पोरींच्या गलक्यात या वयात मला झोप लागेल का, अशी काळजी तुला वाटेल. वाटू देऊ नको. देवाने माझे कान का नेले हे इतकी वर्षे कळत नव्हते, ते आता थोडे कळले.

भेटीत उरलेले बोलू. तोवर जीव सांभाळ.

तुझी
अक्का

ता. क. गाडीला उशीर झाला तर स्टेशनवर थांबू नको, पोरींना एकटे सोडू नको. मी माझी येते. झरीत उतरल्यावर घर सापडेल, तारा आहेच.