न वाजणारी गाडी

शनिवार, ५ जानेवारी, सकाळी साडेनऊ

आजपासून रोजनिशी. माणूस एवढी मोठी गोष्ट हाती घेतो तेव्हा लिहून ठेवलेली बरी. पुढे कुणी विचारलंच तर तारखा हाताशी असतात.

मोठी गोष्ट अशी, की बायकोच्या, आर्डिसच्या, हायब्रीड गाडीला उजवीकडून चालवायचं किट बसवतोय. आमच्या खेड्यांच्या रूटवर टपाल वाटायला गाडी आपली आपण आणायची. आमच्याकडे गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, घरोघरच्या टपालपेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला खांबांवर. त्यामुळे सत्तावीस वर्षं मी मधोमध बसून गाडी चालवली. डावा पाय ब्रेकवर, डावा हात स्टिअरिंगवर, उजवा खिडकीबाहेर. आता कंबर गेली. जुनी स्टेशन वॅगनही गेली, कंबरेच्या आधी आठवडाभर.

आर्डिसला पटवलं. दर पेटीशी थांबायचं, निघायचं. हायब्रीड याच कामासाठी जन्माला आलीय. ती म्हणाली, गाडी माझी आहे एवढं लक्षात ठेव. ठेवलं.

तिचा भाऊ वर्लिन म्हणाला, किट बसवायला येतो. तो एकतीस वर्षं कौंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, रस्त्यावरचा बर्फ लोटायचा ट्रक चालवतो, दुरुस्तीही स्वतःच करतो. नको म्हटलं. ट्रक वेगळा, हायब्रीड वेगळी.

रविवार, ६ जानेवारी

काम फत्ते. जवळजवळ.

उजवीकडे दुसरं स्टिअरिंग. तिथून डावीकडच्या मूळ स्टिअरिंगपर्यंत रबरी पट्टा. खाली दांड्याने जोडलेली पेडलांची दुसरी जोडी. दोन बोल्ट उरले. कंपनी जास्तीचे पाठवत असावी, भली माणसं. कॉफीच्या डब्यात टाकले.

पट्टा बोटभर सैल आहे. उजवं स्टिअरिंग थोडं फिरवावं लागतं, मग डाव्याला जाग येते. येत्या शनिवारी आवळणार. ठरलं.

वायपर आणि इंडिकेटर डावीकडेच राहिले. तोडगा: आर्डिसचं लाकडी उलथणं. हात फूटभर लांब होतो. कंपनीलाही हे सुचलं नव्हतं.

मंगळवार, ८ जानेवारी

पहिला दिवस. हळू जाताना गाडी नुसत्या बॅटरीवर चालते, अशी शांत की चर्चमध्ये बसल्यासारखं वाटतं. कुत्रीसुद्धा भुंकायची विसरली.

वाटेत वर्लिनचा ट्रक समोरून आला. आमच्याकडे रस्त्यात कुणी भेटलं की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, झाला नमस्कार. वर्लिनने बोट उचललं आणि पाहतो तर ड्रायव्हरच्या जागी कुणीच नाही! मग मी त्याला उजवीकडे दिसलो. ट्रक थांबवून हसत बसला. हसू दे.

लिंडक्विस्टबाईंकडे जरा गोंधळ झाला. वय एक्याण्णव, डोळे जाऊन आठ वर्षं झाली. ओसरीपासून पेटीच्या खांबापर्यंत दोर बांधलाय, तो धरून येतात. चर्चच्या वळणावर माझी वॅगन खडखडली की कोट चढवायच्या आणि मी पेटीशी पोचायला त्या पोचायच्या. टपाल पेटीत न टाकता हातात द्यायचो. आज त्या आल्याच नाहीत. दारापर्यंत चालत गेलो. म्हणाल्या, "चोरासारखा आलास की रे, डेल."

गाडीचं याहून मोठं कौतुक काय असणार! वळणावर दोनदा हॉर्न वाजव म्हणाल्या. वाजवीन म्हटलं. मग लक्षात आलं, हॉर्न डाव्या स्टिअरिंगवर आहे. उलथणं पोचतं, पण त्यात जोर नसतो. बघू.

शुक्रवार, ११ जानेवारी

बर्फ. हॅल्व्हर्सनची पेटी पडली.

वायपर लावायला उलथणं पुढे केलं, तेवढ्यात गाडी किंचित उजवीकडे गेली असावी. खांब कुजका होता. आज ना उद्या पडणारच होता. पत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुंपणाला बांधली. कुणाला ऐकू गेलं नाही.

शनिवार, १२ जानेवारी

हॅल्व्हर्सन पोस्टात येऊन तणतणला. बर्फ लोटणाऱ्या ट्रकने पेटी उडवली म्हणतो. त्याचं तरी काय चुकलं? हिवाळ्यात पेटी पडली की ट्रकचंच नाव येतं, बापजाद्यांपासून. पोस्टमास्तरीण कॉरीनने विचारलं, तुला काही दिसलं का? मी पत्रं लावत होतो. लावतच राहिलो.

न बोलणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे.

पट्टा आवळायचा राहिला. पाना सापडला नाही.

रविवार, १३ जानेवारी

चर्चला जाताना आर्डिसने डावीकडून गाडी चालवली. मी उजवीकडे. माझ्यासमोरचं स्टिअरिंग आपोआप फिरत होतं. सत्तावीस वर्षांची सवय, हात गेले. तिने डावीकडे वळवलं, मी सरळ धरलं. चर्चच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या सगळ्या मंडळींदेखत बर्फाच्या ढिगात गेलो. पाद्र्याने फावडं आणलं.

आर्डिस म्हणाली, लग्नाला चौतीस वर्षं झाली, आपल्या संसारात काय चालतं ते आज पहिल्यांदा नीट दिसलं. कॉफीला बसल्यावर हेच तिने आणखी तिघींना सांगितलं.

बुधवार, १६ जानेवारी

आज दोन पेट्या पडल्या. एक सकाळी, एक दुपारी. थंडी शून्याखाली वीस. रबर कडक होतं आणि पट्टा घसरतो. यात माझा काय दोष? हवामान आहे.

कॉरीनने फॉर्म पुढे केला. पडलेल्या पेट्या, तारीख, कारण. कारणाचा रकाना मी रिकामा ठेवला. ती म्हणाली, रिकामा चालत नाही. माझ्या मागे दोघं उभे होते. पेन हातात होतं. 'बर्फाचा ट्रक' असं लिहिलं.

लाज वाटली. लिहून ठेवतो, म्हणजे गेली असं समजेन.

सोमवार, २१ जानेवारी

सुट्टी. पट्टा आवळण्यासाठीच राखून ठेवलेला दिवस. गॅरेजमध्ये गेलो. पाना सापडला. पण पाना इतका गार की हाताला चिकटला. अशा थंडीत यंत्राला हात लावू नये. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेलो. एकही लागला नाही. तिथेही पेट्यांचीच चर्चा. पाच झाल्या म्हणे. खरं म्हणजे चारच, शुक्रवारची धरून. पाचवी नुसती वाकलीय.

बुधवार, २३ जानेवारी

वर्लिन जेवायला आला होता. आर्डिसने खिमा-बटाट्याचा हॉटडिश केला होता, त्याच्या आवडीचा. त्याने दोन घास खाल्ले असतील.

कौंटीने त्याला ट्रकवरून उतरवलंय. चौकशी होईपर्यंत वर्कशॉपमध्ये बाकीच्यांचे ट्रक धुवायचे. एकतीस वर्षांत एका पेटीला धक्का लागला नव्हता. उलट लिंडक्विस्टबाईंच्या पेटीपाशी उतरून हातातल्या फावड्याने बर्फ काढायचा. या मार्चमध्ये निवृत्त होणार होता.

मला म्हणाला, तू दिवसभर त्याच रस्त्यांवर असतोस, तुला काही दिसलं का? मी म्हटलं, माझं लक्ष पत्त्यांवर असतं.

मग तो बराच वेळ काटा फिरवत बसला. म्हणाला, "डेल, मला खरंच कुठे काही लागल्याचं आठवत नाही. माझे डोळे जायला लागलेत बहुतेक. बाबांचेही याच वयात गेले."

आर्डिस उठून सिंकपाशी गेली आणि नळ सोडून उभी राहिली. मी हॉटडिश आणखी वाढून घेतला. का घेतला, माहीत नाही. भूक नव्हती.

गुरुवार, २४ जानेवारी

निश्चय: उद्या सांगणार. आधी वर्लिनला, मग कॉरीनला.

शुक्रवार, २५ जानेवारी

वर्लिन डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घ्यायला गेला होता. भेटला नाही. फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नव्हे.

रविवार, २७ जानेवारी

नुसतं सांगून काय होतं, कृती हवी. काल दिवसभर फिरून चारही खांब नव्याने रोवले, स्वखर्चाने. गोठलेल्या जमिनीला पहार लागत नाही, हात सोलवटले. मन हलकं झालं.

आज चर्चमध्ये पाद्र्याने सगळ्यांसमोर माझे आभार मानले. दुसऱ्याने मोडलेलं हा माणूस न सांगता उभं करतो, म्हणाला. लोक वळून बघायला लागले. वर्लिन पुढच्या बाकावर होता. त्यानेही वळून मान हलवली, थँक्यू अशी.

मी बुटांकडे बघत होतो. एका बुटाची नाडी सुटली होती. ती बांधायला वाकलो आणि स्तोत्र संपेपर्यंत वर आलो नाही.

पट्टा आवळायला वेळ मिळाला नाही. खांबांतच दिवस गेला.

शुक्रवार, १ फेब्रुवारी

आठवडाभर बर्फ नाही. पेटीही नाही पडली. म्हणजे पट्टा आपोआप बसला असावा. आता मुद्दाम सांगून जुनं उकरण्यात अर्थ आहे का, याचाही विचार व्हायला हवा. वर्लिनचे डोळे तपासून होतील. ठीक निघाले तर कौंटी त्याला परत घेईल. सगळं आपोआप मार्गी लागेल.

मंगळवार, ५ फेब्रुवारी, दुपारी तीन

गाडीतच गुडघ्यावर वही ठेवून लिहितोय. अक्षर लागलं नाही तरी चालेल.

लिंडक्विस्टबाई पेटीशी उभ्या होत्या. गाडी ऐकू येत नाही म्हणून हल्ली अर्धा तास आधीच येऊन उभ्या राहतात, थंडीत. मला हे माहीत नव्हतं. नाही, माहीत होतं. हॉर्नचं काही केलं नव्हतं.

पेटीजवळ स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. फिरलं, पण गाडी फिरली नाही. ब्रेक दाबला. खांब त्यांच्यापासून हातभर अंतरावर मोडून पडला. हातातला दोर सैल पडला आणि त्या मटकन बर्फात बसल्या.

धावत गेलो. लागलं नव्हतं. उचलून ओसरीवर नेलं, खुर्चीत बसवलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी विचारलं, हल्ली ट्रकवर दुसराच कुणीतरी असतो, बर्फ लोटायचं पातं उशिरा टेकवतो. वर्लिन कुठे आहे?

सांगितलं. पेट्या पडल्या म्हणून ट्रक धुतोय.

त्यांनी हातमोज्यांवरचा बर्फ झटकला. मग म्हणाल्या, "वर्लिन आला की माझ्या कपाटातल्या बश्या वाजतात. आज बश्या वाजल्या नाहीत. कुत्रं भुंकलं नाही. काहीच वाजलं नाही आणि खांब मोडला. या रस्त्यावर न वाजणारी गाडी एकच आहे, डेल."

मी म्हटलं, हो.

"मग आता टपाल दे आणि जा. कुठे जायचं ते तुला ठाऊक आहे."

टपालात बियाणांचा कॅटलॉग होता. दिला.

बुधवार, ६ फेब्रुवारी

काल टपाल संपवून सरळ वर्कशॉपला गेलो. वर्लिन रबरी बूट घालून ट्रकची चाकं धूत होता. वाटेत भाषण तयार केलं होतं. त्यात पट्टा होता, थंडी होती, किटची कंपनी होती, कुजका खांब होता. तोंडातून एवढंच निघालं, "पेट्या मी पाडल्या. सगळ्या."

त्याने पाणी बंद केलं. मला वाटलं, मारेल. मारायला हवं होतं.

तो उलट्या बादलीवर बसला. म्हणाला, "म्हणजे माझे डोळे चांगले आहेत?"

चांगले आहेत म्हटलं. तो चेहऱ्यावर हात धरून बसून राहिला. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. कॉरीनसमोर नवा फॉर्म भरतानाही नाही, कौंटीच्या साहेबासमोरही नाही. रात्री आर्डिसला सांगितलं. तिने गाडीतून उलथणं आणलं, गरम पाण्याने धुतलं आणि खणात ठेवलं.

शनिवार, ९ फेब्रुवारी

सकाळी वर्लिन न बोलावता गॅरेजमध्ये आला. कॉफीचा डबा उघडला, दोन्ही बोल्ट काढले, पट्टा ताणला, बोल्ट बसवले. वीस मिनिटं लागली. मी टॉर्च धरला. टॉर्च नीट धर, एवढंच बोलला.

जाताना एक पिशवी ठेवून गेला. लिंडक्विस्टबाईंनी पाठवलेली. आत चामड्याच्या पट्ट्यावर ओवलेली पितळी घुंगरं, त्यांच्या नवऱ्याच्या घोड्याची. सोबत निरोप: गाडीला बांध.

सोमवार, ११ फेब्रुवारी

पुढच्या बंपरला बांधली. सगळ्या रूटवर छनछन. कुत्री भुंकली. हॅल्व्हर्सन खिडकीत आला, मला बघून आत गेला. आता मी येतोय हे अर्ध्या मैलावरून सगळ्यांना कळतं. आणि मी कोण, हेही.

लिंडक्विस्टबाई कोट घालून, नव्या खांबाला बांधलेला दोर धरून बरोबर वेळेवर पेटीशी आल्या. टपाल हातात दिलं.

परतताना वर्लिनचा ट्रक समोरून आला. आजपासून पुन्हा त्याच्याकडे दिलाय. पेटीजवळ पातं उचललं, एक ढेकूळसुद्धा खांबाला लागू दिलं नाही. मी स्टिअरिंगवरचं बोट वर केलं.

त्याचे डोळे चांगले आहेत. मी दिसलो त्याला. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच राहिले.

ट्रक गेला तरी माझं बोट वरच होतं. खाली घ्यायचं सुचलं तोवर पुढची पेटी आली.