तागडी का हलत होती

बाबा, मला नोकरी लागली. अकोल्यात, एका प्रयोगशाळेत. मेंदूतल्या प्रोटीनवर तिथे संशोधन चालतं. संशोधन मॅडम करतात. मी सगळ्यात खालच्या पायरीवरची. काचेची भांडी धुते, नळ्यांवर नंबर टाकते, उंदराच्या मेंदूचे पातळ काप काचपट्टीवर घेऊन त्यांना रंग देते. माय वलगावहून फोनवर म्हणते, "उंदरं कापाले इतकी शिकली काय व तू?" मी चिडते आणि मग माझं मलाच हसू येतं. तुम्ही असता तर 'पोरगी डॉक्टर झाली' असं बाजारभर ठोकून दिलं असतं.

मध्यंतरी मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकातून पाहायला बोलावलं. फिक्या कापात तपकिरी गोळे दिसत होते. कंपवातात हे होतं, त्या म्हणाल्या. एरवी निमूट काम करणारं एक प्रोटीन गोळा व्हायला लागतं आणि पेशी मरतात. हात थरथरतो, चाल अडखळते, चेहरा कोरा होतो, बोलणं पुटपुटल्यासारखं ऐकू येतं. त्या सांगत होत्या आणि मी अमरावतीच्या भाजीबाजारात जाऊन उभी राहिले होते. तुम्ही वांगी मोजताय. तागडी हातात, पण काटा काही ठरत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "काय भाऊ, सकायपासूनच घेतली काय?" तुम्ही वर दोन वांगी जास्तीची टाकता. दारूला तुम्ही आयुष्यात शिवला नव्हता. पण हात हलतो, जीभ जड पडते म्हटल्यावर लोकांना दुसरं काय सुचणार? मोठ्या काकांनी तर आपल्या मळ्यातल्या झोपडीत बाटल्या शोधल्या. त्यांचा मला अजून राग येतो.

त्याहून जास्त राग मला मायचा यायचा. संध्याकाळी तुम्ही बाजारातून आलात की ती पाण्याचा गडवा घेऊन समोर उभी. गडवा हातात देण्याआधी तुमच्या तोंडाजवळ नाक नेऊन वास घ्यायची. सुरुवातीला तुम्ही हसायचात. "घे बाई, चांगला पाहून घे," म्हणायचात. पुढे बोलणंच सोडलंत. ओट्यावर बसायचात, तोंड उघडायचात, तिचं झालं की पाणी प्यायचात. तुम्ही गेलात तोवर हे चाललं. पाहून माझा जीव तुटायचा.

चहाच्या वेळी मी मॅडमना तुमच्याबद्दल सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "शक्यता दांडगी आहे. पण जे तपासलंच नाही, ते माहीत आहे असं आपण म्हणायचं नसतं." बरोबरच आहे. रविवारी वलगावला गेले तेव्हा माय मेथी निवडत बसली होती. सांगितलं तर वास घेतल्याची बोच तिला जन्मभर राहणार, नाही सांगितलं तर तुम्ही दारुडेच राहणार. बराच वेळ घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या आणि शेवटी सांगितलं.

"मंग त्याईले तेच होतं काय?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणून टाकलं. हातात पुरावा म्हणून काहीही नव्हतं.

मला वाटलं, आता ही रडणार. ती मेथी निवडतच राहिली. "रोग होता ते आज समजलं. पेत नव्हते, हे तं मले पयल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"मंग रोज तोंडाचा वास काहून घेत होती तू?" माझा आवाज चढला होता.

"हातपंपावर बाया बोलत. मी तुई शपथ घेऊन सांगत होती, का ते पेत नाई म्हून. न पाहता पोरीची शपथ कशी घेऊ व?"

इतकी वर्षं मी तिच्यावर मनातून धुमसत राहिले आणि ती रोज सकाळी तुमच्यासाठी पंपावर भांडत होती. पाला झाडून तिनं टोपलीत भरला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "त्याईले समजलं असंन काय, मी काहून वास घेत होती ते?"

"समजलं होतं. बाबाईनं मले सांगतलं होतं."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "बरं झालं," म्हणाली आणि चहा मांडायला उठली.

हे पत्र मी अकोल्यातच ठेवणार आहे, तिच्या हाती पडायला नको. बाबा, तुम्ही मला असं कधीच काही सांगितलं नव्हतं.